डर्ट बाईकला तेल कुठलं? आधी चुली मोजा

बेळगावजवळच्या राजहंसगडाच्या शेवटच्या चढावर माझी हिरोची एक्सपल्स बाईक नुसती ओरडत होती. इंजिन पेटल्यासारखं फिरतंय, वेग बैलगाडीचा, आणि खालून काहीतरी करपल्याचा वास. मागं बसलेला भाचा म्हणाला, "मामा, गाडी वरडूलालीय, पण जाईना की."

चूक गाडीची नव्हती, माझी होती. आठवड्यापूर्वी काकांच्या मोटारीतून उरलेला तेलाचा कॅन मी तिच्यात ओतला होता. फुल सिंथेटिक, महागातलं, मोटारीला उत्तम. वाया कशाला घालवायचं म्हटलं. त्या तेलानं क्लच घसरायला लागला. नंतर दोनदा तेल बदलूनही क्लच सुधारला नाही. इंजिनाची केस उघडली तर क्लचच्या प्लेटा काळ्या पडून आरशासारख्या गुळगुळीत झालेल्या. नव्या प्लेटा घातल्या तेव्हा गाडी गड चढली. मी उद्यमबागेत लेथवर काम करतो, दिवसभर हात तेलातच असतात, तरी ही चूक केली. म्हणून सविस्तर लिहितोय.

तेल घ्यायला दुकानात जाण्याआधी एकच प्रश्न विचारायचा: गाडीत चूल एक आहे की दोन? बहुतेक फोर-स्ट्रोक गाड्यांत एकत्र कुटुंब असतं. पिस्टन, क्रँक, गिअर, क्लच, सगळे एकाच तेलात. एक्सपल्स तशीच, हिमालयन तशीच. टू-स्ट्रोकमध्ये चुली वेगळ्या. आरएक्स १०० च्या इंजिनाचं तेल पेट्रोलबरोबर जळून जातं, आणि गिअरबॉक्स-क्लचचं तेल आपल्या घरात वेगळं बसलेलं असतं. काही फोर-स्ट्रोकही वेगळे राहतात. होंडाच्या सीआरएफ ४५० आर मध्ये २०१६ च्या मॉडेलपर्यंत इंजिनाचं आणि गिअरबॉक्सचं तेल वेगवेगळं होतं, २०१७ पासून एकत्र झालं. बाहेरून आणलेली जुनी रेसची गाडी कुणी घेतली असेल तर तेल ओतायची दोन तोंडं आहेत का, ते आधी बघा. एका तोंडातून ओतून दुसरी बाजू कोरडी ठेवणारे लोक आहेत.

एक चूल असेल तर

डब्याच्या पुढच्या बाजूवरचं वाघाचं नाहीतर आगीचं चित्र बघू नका, डबा उलटा करा. मागं बारीक अक्षरात 'जासो' (जपानी मानक) लिहिलेलं असतं आणि त्याला लागूनच एमए, एमए२ किंवा एमबी. क्लच तेलात भिजलेला असेल तर एमए किंवा एमए२ हवं. एमए२ मध्ये क्लचची पकड जास्त. एमबी गिअर नसलेल्या स्कूटरसाठी. तिचा क्लच कोरडा असतो, त्यामुळं तेल जितकं निसरडं तितकं बरं. पंपावर ही दोन्ही एकाच फळीवर, जवळजवळ सारख्याच डब्यांत उभी असतात. पोऱ्यानं हाताला येईल ते दिलं की झालंच.

मोटारीच्या तेलावर एपीआयचं (अमेरिकी मानक) गोल चिन्ह असतं. त्याच्या खालच्या अर्ध्यात 'रिसोर्स कन्झर्व्हिंग' लिहिलेलं दिसलं तर तो डबा गाडीच्या जवळही आणू नका. पेट्रोल वाचावं म्हणून त्यात घर्षण कमी करणारी द्रव्यं घातलेली असतात. क्लच तर घर्षणावरच जगतो. राजहंसगडावर मला नडलं ते हेच.

आता डब्यावरचे आकडे. १०डब्ल्यू-३० मधला 'डब्ल्यू' म्हणजे विंटर. १०डब्ल्यू तेलाची थंडीतली चाचणी उणे २५ अंशांना होते, २०डब्ल्यूची उणे १५ ला. बेळगावच्या डिसेंबरातल्या पहाटे स्वेटर लागतो, पण उणे काही आपल्याकडं होत नाही. म्हणून पहिल्या आकड्यावर जास्त पैसे घालवू नका. दुसरा आकडा मात्र तेल तापल्यावर किती दाट राहतं ते सांगतो, आणि तो गाडीच्या पुस्तकात लिहिलेलाच घ्या: एक्सपल्सला १०डब्ल्यू-३०, जुन्या ४११ च्या हिमालयनला १५डब्ल्यू-५०. एप्रिलच्या उन्हात नांगरलेल्या शिवारातून पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये घासायचं असेल आणि पुस्तकातल्या तक्त्यात एक पायरी दाट तेल चालतं असं असेल, तर त्या दिवसांपुरतं ते घाला. पुस्तकात नसेल तर नको. दाट म्हणजे भारी, हा आमच्या येळ्ळूरकडचा जुना समज आहे, बहुतेक ट्रॅक्टरमुळं आलेला. ट्रॅक्टरचं १५डब्ल्यू-४० घालू का, असंही विचारतात. काही डिझेल तेलांच्या डब्यामागं एमए लिहिलेलं असतं, ते चालतं. लिहिलेलं नसेल तर ट्रॅक्टरलाच राहू द्या.

दोन चुली असतील तर

आमच्या गल्लीतल्या एका आरएक्सचा मालक गिअरबॉक्समध्ये ट्रॅक्टरचं ९० नंबरचं गिअर ऑइल घालायचा. सकाळी क्लच दाबून पहिला गिअर टाकला की गाडी उडी मारून पुढं. थंडीत घट्ट झालेल्या तेलात प्लेटा एकमेकींना चिकटून बसायच्या. त्याचा हिशेब साधा होता: ४० पेक्षा ९० मोठं. पण गिअर ऑइलची मोजपट्टीच वेगळी. तिथलं ९० म्हणजे तापल्यावर इंजिन ऑइलच्या साधारण ४० ते ५० इतकंच दाट. खरी अडचण आतल्या द्रव्यांची. ट्रॅक्टर-ट्रकच्या गिअरच्या दातांवर प्रचंड दाब येतो म्हणून त्या तेलात गंधक-फॉस्फरस घालतात. ती तेलं ओल्या क्लचसाठी केलेलीच नसतात, आणि जीएल-५ दर्जाचं असेल तर पितळी बुशांना खाऊ शकतात. टू-स्ट्रोकच्या गिअरबॉक्सला पुस्तकातल्या नंबरचं साधं एमए तेल पुरतं, किंवा 'ओल्या क्लचसाठी' असं लिहिलेलं मोटारसायकलचंच गिअर ऑइल. तिथं धूर नाही, जळण नाही, त्यामुळं महाग सिंथेटिकचा हट्ट मी धरत नाही. त्यापेक्षा लवकर बदलतो.

पेट्रोलातलं तेल ही दुसरी चूल. तिथं टूटी, म्हणजे टू-स्ट्रोकचं तेलच, जासो एफसी किंवा एफडी. फोर-स्ट्रोकचं तेल पेट्रोलात मिसळलं तर राख साचते आणि प्लग मरतो. आरएक्सला तेलाची वेगळी टाकी आणि पंप असतो, बाकीच्यांना हातानं मिसळावं लागतं. ३२ ला १ म्हणजे लिटरमागं ३१ मिली, ४० ला १ म्हणजे २५, ५० ला १ म्हणजे २०. मी औषधाच्या दुकानातली मोठी सिरिंज वापरतो. बाटलीच्या झाकणानं अंदाज घेणारे शेवटी माझ्याकडं पिस्टन घेऊन येतात.

गिअरबॉक्सचं तेल कमी होतंय, जमिनीवर थेंब नाही, आणि पांढरट धूर वाढलाय, असं झालं तर क्लचच्या बाजूचं क्रँक सील गेलंय. गिअरचं तेल इंजिन ओढून घेतंय. आमचा कानडी मिस्त्री अशा गाडीला "एण्णे कुडका" म्हणतो. कानडीत एण्णे म्हणजे तेल, आणि गुत्त्यावरची दारूही. कुडका म्हणजे पिणारा.

कधी बदलायचं

चिखलात-डोंगरात चालवत असाल तर किलोमीटरवर जाऊ नका. पावसात जांबोटीकडच्या लाल चिखलात वीस किलोमीटरला दोन तास लागतात. मीटर वीस दाखवतो, इंजिन आणि क्लच मात्र दोन तास कण्हत असतात. रेसच्या गाड्यांच्या पुस्तकांत तास लिहिलेले असतात ते यामुळंच. एकत्र कुटुंबाच्या गाडीत तर गिअरचे दात तेलालाही चावतात. दाटपणा धरून ठेवणारे लांब रेणू तुटतात आणि ४० नंबरचं तेल हळूहळू ३० सारखं वागायला लागतं. रस्त्यावर चालवताना मी पुस्तकाप्रमाणं बदलतो, पावसाळ्यात त्याच्या निम्म्यात. (भीमगड अभयारण्यात मात्र गाडी घालू नका, तिथं जनावरांना राहू द्या.)

मलप्रभेचा उगम आमच्या कणकुंबीला. तिथून खाली उतरताना ओढे लागतात. एखाद्यात गाडी बंद पडली तर घरी आल्यावर इंजिनावरची तेल दाखवणारी काच किंवा तेलाची दांडी बघा. तेल दुधाच्या कॉफीसारखं दिसलं तर आत पाणी गेलंय. त्याच दिवशी काढा, नवं घालून दहा मिनिटं चालवा आणि तेही काढा. या धुण्याच्या तेलाला स्वस्तातलं एमए चालतं. पाण्यात न घालताच तेल कॉफीसारखं होत असेल आणि गाडीला रेडिएटर असेल, तर वॉटर पंपाचं सील तपासा.

तेल गरम असताना काढा आणि ते काढायच्या बोल्टाचं लोहचुंबक बोटानं पुसा. मऊ करडा लेप, काजळासारखा, ही रोजची झीज. बोटाला टोचणारा तुकडा, सुईसारखी काडी किंवा दाताचा कोपरा आला तर गाडी चालू करू नका. चुंबकाला न चिकटता तेलात सोनेरी चमक दिसली तर पितळी बुश, पांढरी चमक असेल तर अ‍ॅल्युमिनियम. रिकामा कॅन भंगारात देण्याआधी त्याला भोक पाडा, नाहीतर तोच कॅन भलतंच तेल भरून परत फळीवर येतो.

बोल्टाला नवा वॉशर घाला आणि हातभर लांबीचा पाना लावू नका. केस अ‍ॅल्युमिनियमची, बोल्ट लोखंडाचा, आटे कुणाचे जाणार ते उघड आहे. पावसाळा संपला की अशा आटे गेलेल्या इंजिनाच्या केस घेऊन पोरं येतात. मी भोक मोठं करून आत नवे आटे बसवून देतो, तीनशे रुपये घेतो, आणि तेल कुठलं घातलं होतंस ते आधी विचारतो.