‘येतो’ म्हणालो अन् क्लायंट गप्प झाला

आमच्या जिंतूरच्या घरात उंबरठ्यावरून ‘जातो’ म्हटलं की आई अजूनही चिडते. ‘जातो कामून म्हणतो रे? येतो म्हण.’ हे ‘येतो’ अंगात इतकं मुरलेलं, की पुण्यात नोकरी लागल्यावर इंग्लंडच्या क्लायंटसोबतच्या पहिल्याच कॉलला मी शेवटी म्हणालो, ‘ओके मॅडम, आय ॲम कमिंग.’ पलीकडं शांतता. मग बाईंनी हळूच विचारलं, ‘कमिंग वेअर?’ टीमलीड माईक म्यूट करून टेबलावर डोकं टेकून हसत होता.

पुढच्या आठवड्यात दुसरा क्लायंट म्हणाला, ‘आय विल ड्रॉप नाऊ.’ मला वाटलं, त्याचं नेटवर्क जायला लागलं. ‘नो सर, युअर व्हॉइस इज क्लिअर,’ असं दोनदा सांगून त्याला अडवून ठेवलं बिचाऱ्याला. ड्रॉप, ड्रॉप ऑफ, हॉप ऑफ, हे सगळं ‘मी कॉल सोडतो’ एवढंच असतं.

सगळ्यात फसवं ते ‘लेटर’. ‘सी यू लेटर’, ‘कॅच यू लेटर’, पोराटोरांचं नुसतं ‘लेटर्स’. त्यात वेळ ठरलेली नसते. मी मात्र एकदा शिफ्ट संपल्यावर पाऊण तास हेडफोन लावून बसलो, अन् कॅब गेली. आपण ‘या एकदा घरी’ म्हणतो, त्यातलाच प्रकार. खरंच बोलायचं असेल तर वार, वेळ सांगतील.

ब्रिटनमध्ये ‘चिअर्स’ म्हणजे आभारही अन् निरोपही. ग्लास कुठंच नसतो. बर्मिंगहॅमकडचा माणूस ‘टा-रा अ बिट’ म्हणाला तर तोही निघालाय. ऑस्ट्रेलियातल्या जुन्या माणसांचं ‘हूरू’ही तेच. ‘चीरिओ’, ‘टूडल-ऊ’ हे जुन्या वळणाचे निरोप ऐकून समजा, पण स्वतः म्हणू नका. ऑफिसातून निघताना कुणी ‘कृपा असावी’ म्हणालं तर कसं वाटेल? ‘पीस आउट’ दोस्तांत ठीक; मुलाखत संपवताना नको. ‘हॅव अ गुड वन’ला ‘यू टू’ म्हणायचं, ‘गुड काय?’ ते शोधत बसायचं नाही.

चॅटवर जीटीजी (गॉट टू गो) किंवा टीटीवायएल (टॉक टू यू लेटर) आलं की माणूस गेला. बीआरबी (बी राइट बॅक) आलं तर मात्र तो परत येतोय, खिडकी बंद करू नका.

अन् ‘गुडबाय’ फार सभ्य म्हणून वापरू नका. मुळात तो ‘गॉड बी विथ ये’चा झिजलेला शब्द, आपल्या रामरामासारखा देवाचं नाव पोटात घेऊन फिरणारा. पण आज रोजच्या कॉलवर तो कायमचा निरोप दिल्यागत वाटतो. ‘बाय’ पुरतं, फार तर ‘टेक केअर’.

खरी खूण त्याच्याही आधी येते. इंग्रज माणूस जरा लांबवून ‘राइट...’ किंवा ‘ऑलराइट देन’ म्हणाला, की ते आपलं ‘बरं मग’. तिथं नवं तिकीट, म्हणजे नवं काम, उघडायचं नाही. आमच्या घरी फोनवर ‘ठेवू का?’, ‘ठेव’, ‘अन् ऐक की’ करत अजून दहा मिनिटं निघतात, तसं तिकडं करू नका. ते स्वतः तीन-चारदा ‘बाय, बाय, बाय-बाय’ म्हणतील. तुम्हीही म्हणा, अन् कॉल आधी त्यांनाच कापू द्या.