मुलांच्या फुटबॉलमध्ये खिलाडूवृत्ती हवीय? मग या चुका टाळा

मॅचआधी पाच मिनिटं कोचचं खिलाडूवृत्तीवर भाषण, आणि पहिल्याच थ्रो-इनला (रेषेबाहेर गेलेला चेंडू हाताने आत फेकताना) त्याचाच रेफरीवर आरडाओरडा. दहा वर्षांचं मूल यातलं काय उचलेल, हे वेगळं सांगायला नको. मुलांच्या वागण्याच्या बहुतेक तक्रारींचं मूळ साइडलाइनवर, म्हणजे कडेला उभ्या कोच-पालकांत असतं, म्हणून दुरुस्तीही तिथूनच करा.

रेफरीशी हुज्जत घालणं
लहान वयोगटांत शिट्टी वाजवणारा बरेचदा नवशिका असतो, कधीकधी स्वतःच शाळकरी. तो चुकणारच. खेळातल्या घटनांबद्दल रेफरीचा निर्णय अंतिम, असं फुटबॉलचा पाचवा नियम सांगतो. शिवाय 2019 पासून कोचलाही पिवळं किंवा लाल कार्ड दाखवता येतं, हे अनेक कोच सोयीस्करपणे विसरतात. काही विचारायचंच असेल तर ते कॅप्टनने, खेळ थांबलेला असताना, शांतपणे विचारावं. आणि कॅप्टन आलटूनपालटून नेमा. सतत वाद घालणाऱ्या मुलालाही एकदा कॅप्टनची दंडावरची पट्टी बांधून बघा.

खोट्या अपीलकडे काणाडोळा
चेंडू रेषेबाहेर जातो आणि दोन्हीकडची मुलं हात वर करतात, "आमचा!" चेंडू शेवटी ज्याच्या बुटाला लागला, त्याला ते पक्कं ठाऊक असतं. तो हळूच आपल्या कोचकडे बघतो. कोच गप्प राहिला की हात तसाच वर राहतो. अशा वेळी "त्यांचा आहे, मागे ये" एवढं पुरतं.

ही सवय लावायला सरावात रेफरीविना छोट्या मॅच खेळवा. जर्मनीत 2007 मध्ये सुरू झालेल्या 'फेअरप्लेलीगा'त लहान मुलांच्या मॅचला रेफरीच नसतो. फाउल, थ्रो-इन सगळं मुलंच ठरवतात, दोन्ही कोच एकाच जागी उभे राहतात आणि पालकांना मैदानापासून लांब थांबवतात. सुरुवातीला वादावादी होईल. होऊ द्या, लगेच मध्ये पडू नका.

चिडलेल्या मुलाला सगळ्यांसमोर झापणं
यातून तो फक्त आणखी चिडतो. बदली खेळाडू पाठवा, त्याला पाणी द्या, दोन-तीन मिनिटं बसू द्या, मग पुन्हा आत सोडा. कारण विचारायचं ते मॅचनंतर. इंग्लंडमध्ये स्थानिक पातळीवरच्या फुटबॉलमध्ये रेफरीशी वाद घालणाऱ्याला 10 मिनिटं बाहेर बसवतात (कमी वेळाच्या मॅचला त्याहून कमी), आणि मग तो परत खेळतो. त्यातलं 'परत खेळतो' हे महत्त्वाचं. रागाच्या भरात पुढच्या मॅचमधूनही वगळण्याची धमकी देऊ नका, विशेषतः ती पाळायची नसेल तर.

एकतर्फी मॅच ताणत नेणं
आठ-शून्य झाल्यावरही नाचत साजरा केलेला नववा गोल समोरच्या गोलकीपरच्या जिव्हारी लागतो. स्पर्धेचे नियम आड येत नसतील तर समोरच्या कोचशी बोलून त्यांचा एक खेळाडू वाढवा, किंवा आपल्या स्ट्रायकरला बचावात खेळवा. त्यालाही काहीतरी नवं शिकायला मिळेल.

मॅचनंतर हात मिळवण्याची रांग जरूर लावा, पण तिच्यावर फार भिस्त ठेवू नका. खाली बघत हात टेकवून पुढे सरकणं मुलांना छान जमतं.

ओरडणाऱ्या पालकांना मॅच चालू असताना सुनावणं
त्या घटकेला कुणीच ऐकून घेत नाही, आणि त्यांचं मूल मात्र शरमेने गोरंमोरं होतं. सीझनच्या आधीच पालकांना एकत्र बोलावून सांगा: टाळ्या हव्या तेवढ्या वाजवा, पण "पास दे", "मार" हे सांगायचं काम कोचचं. तरीही कुणी ऐकलं नाही तर मॅचनंतर बाजूला घेऊन, मूल जवळ नसताना बोला.