२४ व्होल्टच्या लष्करी ट्रकवर १२ व्होल्टच्या ट्रेलरचे दिवे कसे चालवावेत

लष्कराच्या लिलावातून आलेल्या अशोक लेलँड स्टॅलियनसारख्या ट्रकची वायरिंग २४ व्होल्टची असते. ट्रॅक्टरमागची ट्रॉली, होडीचा ट्रेलर, जनरेटरची दोनचाकी गाडी यांचे दिवे मात्र बहुधा १२ व्होल्टचे. इंजिन चालू असताना ट्रकच्या वायरीत २४ नव्हे, २८ व्होल्टच्या आसपास दाब असतो. १२ व्होल्टचा बल्ब थेट जोडला तर तो क्षणात उडतो आणि ताम्हिणी घाटातल्या धुक्यात मागच्या गाडीला आपला ट्रेलर दिसतच नाही. म्हणून हे काम नीट, एकदाच आणि पक्के करायचे.

आधी ठरवा: बल्ब बदलायचे की दाब?

हा ट्रेलर कायम याच ट्रकमागे राहणार असेल तर सगळ्यात सोपा मार्ग बल्ब बदलण्याचा. ब्रेक आणि इंडिकेटरचे २१ वॅट, दुहेरी फिलामेंटचे २१/५ वॅट, नंबर प्लेटचा ५ वॅट, हे सगळे बल्ब त्याच होल्डरमध्ये बसणारे २४ व्होल्टमध्ये मिळतात. ट्रेलरच्या दांड्यावर रंगाने ‘२४ व्होल्ट’ लिहून ठेवा. नाहीतर कुणीतरी तो ट्रॅक्टरला जोडेल आणि बल्ब लालसर, मिणमिणते पेटतील.

दुसरा मार्ग १० ते ३० व्होल्टवर चालणाऱ्या एलईडी दिव्यांचा. नवीन दिवे घ्यायचेच असतील तर आमची पहिली पसंती यालाच. ट्रक असो वा ट्रॅक्टर, एकच ट्रेलर दोन्हीकडे चालतो. ट्रकच्या मागच्या बल्बच्या जागीही एलईडी बसवले तर मात्र जुन्या फ्लॅशरला (इंडिकेटर लुकलुकवणाऱ्या डबीला) पुरेसा भार मिळत नाही आणि इंडिकेटर घाईघाईने लुकलुकतो. त्यावर भाराशी संबंध नसलेला २४ व्होल्टचा इलेक्ट्रॉनिक फ्लॅशर लावावा. भाररोधक (बल्बइतका भार भासवणारा रेझिस्टर) लावायचाच असेल तर २१ वॅटच्या एका बल्बच्या जागी २७ ओहम, ५० वॅटचा, ॲल्युमिनियमच्या कवचातला घ्या आणि लोखंडी पट्टीवर आवळा. तो हात भाजेल इतका तापतो. प्लास्टिकला किंवा वायरींना टेकू देऊ नका.

ट्रेलर दुसऱ्याचा असेल, भाड्याचा असेल, किंवा दिवे बदलणे शक्य नसेल, तर तिसरा मार्ग: ट्रकवर २४ चे १२ व्होल्ट करणारा कन्व्हर्टर आणि रिले, म्हणजे आतल्या कॉइलला छोटा प्रवाह दिला की मोठा प्रवाह जोडणारा स्विच. पुढचे सगळे त्याबद्दल.

अर्ध्या बॅटरीवरून १२ व्होल्ट घेऊ नका

ट्रकमध्ये १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकामागे एक जोडलेल्या असतात. ‘खालच्या (अर्थकडच्या) बॅटरीवरून वायर काढा, काम झालं’ हा सल्ला तुम्हाला हमखास मिळेल. दिवे लागतातही. पण त्या एका बॅटरीतून जास्त प्रवाह जातो आणि चार्ज होताना दोन्हींमधून सारखाच येतो. खालची बॅटरी हळूहळू उपाशी राहते, तिच्या पट्ट्यांवर सल्फेट धरते. बॅटऱ्या चार्ज करणारा अल्टरनेटर मात्र दोन्हींची बेरीज २८ व्होल्ट पाहतो. खालची १३ वर अडकली की वरची १५ वर जाते, उकळते आणि पाणी संपवते. शेवटी दोन्ही बॅटऱ्या बदलाव्या लागतात.

बल्बच्या मालिकेत (एकामागे एक) रोधक लावून दाब उतरवणेही चुकीचेच. रोधकात किती व्होल्ट पडतील हे प्रवाहावर ठरते. नुसता टेल लॅम्प पेटला तर बल्बला जास्त दाब, ब्रेकही दाबला तर कमी. दोन बल्ब मालिकेत जोडायचे म्हटले तर बहुतेक होल्डर बॉडीला अर्थ असतात, त्यामुळे तेही जमत नाही.

सामान

आधी हिशोब. मागचे दोन टेल लॅम्प, नंबर प्लेट आणि दोन बाजूदिवे मिळून २५ वॅट, दोन ब्रेक लाइट ४२, हॅझर्ड लावल्यास दोन इंडिकेटर ४२. एकूण १०९ वॅट, म्हणजे १२ व्होल्टवर सुमारे ९ अँपिअर. तरीही कन्व्हर्टर २० अँपिअरचा घ्या. थंड फिलामेंट पेटण्याच्या क्षणी नेहमीच्या कित्येक पट प्रवाह ओढते. १० अँपिअरचा कन्व्हर्टर तिथे दम सोडतो आणि ब्रेक दाबला की सगळा ट्रेलर क्षणभर अंधारतो.

कन्व्हर्टरवरचे दोन आकडे वाचल्याशिवाय पैसे देऊ नका. इनपुट १८ ते ३६ व्होल्ट हवे. ३० व्होल्टपर्यंतच चालणाऱ्या कन्व्हर्टरला २८ व्होल्टच्या गाडीत फारशी सवड उरत नाही. आउटपुट १३.८ व्होल्ट हवे. १२.० देणारा घेतला तर वायरीतली घट जाऊन बल्बला ११ च उरतात.

याशिवाय: २४ व्होल्ट कॉइलचे, ३० अँपिअरचे चार रिले सॉकेटसह, चार १एन४००७ डायोड (प्रवाह एकाच दिशेने जाऊ देणारे), फ्यूजबॉक्स, १.५ चौरस मिलिमीटरची मल्टिस्ट्रँड ऑटो वायर वेगवेगळ्या रंगांत आणि अर्थ व मुख्य पुरवठ्यासाठी २.५ चौरस मिलिमीटरची. १२ व्होल्टचे सात पिनांचे सॉकेट व प्लग. थिंबल (वायरीच्या टोकाला दाबून बसवायचे), हीटश्रिंक स्लीव्ह (तापवल्यावर आवळणारी नळी), रबरी ग्रोमेट (पत्र्याच्या भोकात बसवायची कडी), फ्लेक्झिबल पाइप. पुण्यात रिले आणि सॉकेट नाना पेठेतल्या स्पेअर पार्टच्या दुकानांत मिळतात, वायर आणि थिंबल तापकीर गल्लीत. घरगुती एकतारी वायर वापरू नका, चेसिसच्या थरथरीने ती आतल्या आत तुटते.

पायरी १: ट्रकच्या सिग्नलची ओळख

मूळ लूम (ट्रकच्या वायरींचा जुडगा) कापू नका. मागे ट्रेलरचे सॉकेट असेल (बऱ्याच लष्करी वाहनांवर १२ पिनांचे असते) तर त्याचाच जोड बनवा. नसेल तर मागच्या दिव्यांच्या कनेक्टरजवळून सिग्नल घ्या.

डॅशबोर्डवरचा ब्लॅकआउटचा (शत्रूला गाडी दिसू नये म्हणून दिवे झाकण्याचा) खटका आधी नेहमीच्या स्थितीत आणा. ब्लॅकआउटमध्ये नेहमीचे ब्रेक लाइट आणि इंडिकेटर बंद होतात, आणि माणूस तासभर नसलेला दोष शोधत बसतो. मग एकाने केबिनमध्ये बसून टेल, ब्रेक, डावा, उजवा असे एकेक चालू करावे आणि दुसऱ्याने मागे कुठली पिन जिवंत होते ते कागदावर लिहावे. इथे २४ व्होल्ट २१ वॅटच्या बल्बला दोन वायरी लावून केलेला टेस्ट लॅम्प वापरा. कार्बन धरलेली पिन मल्टिमीटरवर पूर्ण २४ व्होल्ट दाखवते, पण बल्ब पेटवू शकत नाही.

अमेरिकन पद्धतीच्या काही जुन्या गाड्यांत ब्रेक आणि इंडिकेटर एकाच फिलामेंटवर असतात. आपल्या ट्रेलरवर ते वेगळे असतात. अशा गाडीत ब्रेकचा सिग्नल थेट पेडलच्या ब्रेक स्विचवरून घ्या आणि डाव्या-उजव्याचा पुढच्या इंडिकेटरवरून.

पायरी २: कन्व्हर्टर बसवणे

बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडवून ठेवा. कन्व्हर्टर केबिनमध्ये किंवा कोरड्या टूलबॉक्समध्ये, उष्णता टाकणारे पंख उभे राहतील असा, लोखंडी पत्र्यावर बसवा. पुरवठा दोन्ही बॅटऱ्यांच्या टोकाच्या २४ व्होल्टवरून, मुख्य कट-ऑफ स्विचनंतरच्या बाजूने घ्या. म्हणजे गाडी उभी असताना तो बॅटरी चाटत नाही आणि किल्ली बंद असली तरी हॅझर्ड चालतात. पुरवठ्याची वायर जिथून घेतली तिथून हातभर अंतरातच १५ अँपिअरचा फ्यूज. कन्व्हर्टर बिघडला तर हा फ्यूज कामी येतोच, पण चेसिसला घासून वायर उघडी पडली तर आग रोखणारा तोच.

पायरी ३: रिले

प्रत्येक रिलेची जोडणी सारखीच. ८६ वर ट्रकचा सिग्नल, ८५ अर्थला, ३० वर कन्व्हर्टरचे १२ व्होल्ट फ्यूजमधून, ८७ वरून ट्रेलरकडे. टेल आणि दोन्ही इंडिकेटरला ५ अँपिअरचे फ्यूज, ब्रेकला ७.५. ट्रकच्या वायरीवर फक्त कॉइलचा किरकोळ भार येतो, त्यामुळे ट्रकचा फ्लॅशर आपल्या ठरलेल्या गतीनेच चालतो. ट्रेलरचा बल्ब गेला तरी डॅशबोर्डवर मात्र काही कळणार नाही, म्हणून निघण्यापूर्वी मागे जाऊन पाहणे आलेच.

कॉइलला समांतर डायोड लावा, पांढरा पट्टा ८६ च्या बाजूला. उलटा लागला तर सिग्नल आला की थेट शॉर्ट होतो आणि ट्रकचा फ्यूज उडतो.

पायरी ४: सात पिनांचे सॉकेट

१२ व्होल्टच्या सॉकेटची मांडणी आयएसओ १७२४ या आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे ठेवा: १ डावा इंडिकेटर, पिवळी, २ मागचा फॉग, निळी, ३ अर्थ, पांढरी, ४ उजवा इंडिकेटर, हिरवी, ५ उजवा टेल, तपकिरी, ६ ब्रेक, लाल, ७ डावा टेल, काळी. ५ आणि ७ टेलच्या एकाच रिलेवर चालतात. २४ व्होल्टच्या सात पिनांची मांडणी (आयएसओ ११८५) वेगळी आहे. तिथे अर्थ १ वर आणि ब्रेक ४ वर असतो, तेव्हा तिचा तक्ता पाहून ही वायरिंग करू नका. ट्रेलर दुसऱ्याचा असेल तर रंगांवरही विसंबू नका, एकेक पिन तपासा.

अर्थ: निम्मे दोष इथेच

लष्करी पिंटल हुकमध्ये (ट्रेलर ओढण्याच्या मागच्या आकड्यात) ट्रेलरची कडी सैल लोंबते, वर ग्रीस. तिच्यातून अर्थ मिळेल असे धरू नका. ३ नंबरच्या पिनपासून ट्रेलरच्या चेसिसपर्यंत २.५ ची पांढरी वायर हवीच. वायर जोडायच्या जागेचा रंग चकचकीत लोखंड दिसेपर्यंत खरवडा, स्टार वॉशर घालून बोल्ट आवळा, मग वरून रंग मारा. रंग आधी मारला तर सगळी मेहनत वाया.

खूण सोपी आहे: ब्रेक दाबल्यावर इंडिकेटरही मंद पेटले किंवा टेल लॅम्प मंदावले तर अर्थ तुटली आहे. प्रवाह परतीची वाट दुसऱ्या बल्बमधून शोधतो. अशा वेळी रिले बदलत बसू नका.

तपासणी

इंजिन चालू ठेवून टेल, ब्रेक आणि हॅझर्ड एकदम लावा. ट्रेलरच्या सर्वांत लांबच्या होल्डरवर किमान १२.५ व्होल्ट मिळायला हवेत. कमी असतील तर मीटरचे एक टोक सॉकेटच्या अर्थला, दुसरे होल्डरच्या बॉडीला लावा. तिथे अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दिसले तर घट अर्थमध्ये आहे. अर्ध्या तासाने कन्व्हर्टरला हात लावा. कोमट ठीक, हात ठेववत नसेल तर हवा कमी पडते आहे.

पावसाळ्यापूर्वी सॉकेटचे झाकण खाली तोंड करून आहे ना ते पाहा आणि पिनांना डायइलेक्ट्रिक ग्रीस लावा. केबलला वळणापुरता झोल ठेवा, पण ती रस्त्याला घासता कामा नये. होडीचा ट्रेलर पानशेत किंवा मुळशीला पाण्यात उतरवायचा असेल तर आधी प्लग काढा आणि बल्ब दहा मिनिटे निवू द्या. तापलेल्या काचेला गार पाणी लागले की ती तडकते, आणि होल्डरमध्ये शिरलेले पाणी पुढच्या फेरीला फ्यूज उडवते.