तलावातला हात खाडीत: मे महिन्यातल्या गळस्पर्धेला निघालेल्या नागपूरकरासाठी

अंबाझरीच्या काठावर कणकेचा गोळा लावून रोहू काढणारा माणूस खाडीवर पहिल्याच दिवशी हात हलवत परत येतो. मीही आलो होतो. तेव्हापासून जो भेटेल तो सल्ला देतो, ‘महागडी लुअर (नकली आमिष) घे’, ‘जपानी रील घे’. घ्यायची तर घ्या बाप्पा, पण मासा त्यानं लागत नाही.

सामानाचं थोडक्यात सांगतो. सात-आठ फुटी रॉड, 3000 किंवा 4000 नंबरचं रील, 20 पौंडी ब्रेड, म्हणजे विणलेला दोरा, आणि त्याच्या पुढे गळापर्यंत हातभर लांब 40 पौंडी लीडर, म्हणजे जाड दोरा. लीडर सोडू नका, कारण जिताडा या खाडीतल्या शिकारी माशाच्या कल्ल्याचं झाकण ब्लेडसारखं असतं आणि उडी मारून डोकं झटकलं की ब्रेड सटकन कापली जाते. फेकण्याचा सराव नागपुरातच करा. गळ काढून नुसतं शिसं बांधायचं आणि सकाळी सहाच्या आत मोकळ्या मैदानात जायचं. नंतर आपल्याकडचं ऊन उभं राहू देत नाही. वीस पावलांवर ठेवलेल्या बादलीजवळ दहातले सात फेक पडायला लागले की तिकीट काढा.

मे महिनाच का? 1 जून ते 31 जुलै राज्यात यांत्रिक बोटींच्या मासेमारीला बंदी असते, आणि पाऊस लागला की खाडी गढूळ होते. गळवाल्यांचा हंगाम त्याआधी आटोपतो.

आता खरी गोष्ट. पाणी.

तलावाला वेळ नसते. फुटाळ्यावर सकाळी बसा की संध्याकाळी, पाणी तिथंच असतं आणि मासा वासानं गोळ्याकडे येतो. खाडीत उलटं आहे. तिथं मासा एका जागी दबा धरून बसतो आणि खाणं पाण्याबरोबर त्याच्या तोंडाशी येतं. पाणी थांबलं की जेवण थांबलं. मला हे कोणी सांगितलं नव्हतं. पहिल्या स्पर्धेत मी मोबाईलवर भरतीची वेळ पाहिली, सकाळी पावणेआठ. म्हटलं, भरपूर पाणी म्हणजे भरपूर मासे. बरोबर पावणेआठला धक्क्यावर उभा राहिलो आणि तासभर फेकत राहिलो. बाजूला एक म्हातारे काका रॉड भिंतीला टेकवून भाकरी खात होते. शेवटी त्यांनाच माझी दया आली. म्हणाले, “अहो, पाणी निजलंय. जरा बसा.” साडेनऊला ते उठले, दहा वाजेपर्यंत त्यांचे दोन तांबोशी मासे मोजपट्टीवर होते. माझी संधी हुकली होती, कारण दमून मी चहाला गेलो होतो.

तर हिशोब असा. भरती-ओहोटीत सुमारे सव्वासहा तासांचं अंतर. या सहा तासांत पाणी सारख्या वेगानं सरकत नाही. पहिल्या तासात उतरतं बारावा हिस्सा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्या-चौथ्यात तीन-तीन, मग पुन्हा दोन आणि एक. म्हणजे अर्धं पाणी मधल्या दोन तासांत जातं. तुमची स्पर्धा तेवढ्या दोन तासांची आहे, बाकीचा वेळ जागा बदलायला आणि डबा खायला.

वेळ काढायला ॲप हवंच असं नाही, भिंतीवरचं कालनिर्णय पुरतं. तिथीला पाऊणनं गुणा, साधारण भरतीची वेळ येते. चतुर्थी असेल तर चार गुणिले पाऊण, तीन वाजता. पहाटेची एक, दुपारची एक. मधली दोन तासांची ओहोटी पहाटे पाच ते सात. उजाडताना पळतं पाणी, याहून चांगलं काही नाही. अष्टमीला भरती सहाच्या सुमारास, पण तेव्हा भांग, म्हणजे लहान भरती असते, पाण्यात जोर नसतो. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, जोर भरपूर पण पाणी चहासारखं गढूळ आणि शिसं वाहून जातं. माझ्या मते चतुर्थी-पंचमी सगळ्यांत बरी. स्पर्धेची तारीख तुम्ही ठरवत नाही, आयोजक रविवार पकडतात. पण त्या रविवारी तिथी कोणती हे निघण्याआधी काढून ठेवा. आणि लक्षात ठेवा, ही वेळ खाडीच्या मुखाशी, म्हणजे ती समुद्राला मिळते तिथली. खाडीत जितकं आत जाल तितकी भरती उशिरा पोचते. म्हणून आधी मुखाजवळ बसायचं आणि तिथं पाणी मंदावलं की आत सरकायचं, म्हणजे तेच दोन तास थोडे लांबवता येतात.

उभं कुठं राहायचं? कांदळवनातून छोटा ओहळ खाडीला मिळतो तिथं. ओहोटीला कोळंबी आणि बोय माशाची पिल्लं त्यातून बाहेर ढकलली जातात आणि जिताडा तोंडाशीच, खांबामागच्या संथ पाण्यात थांबतो. लुअर प्रवाहाच्या वरच्या बाजूला टाका आणि पाण्याबरोबर येऊ द्या. प्रवाहाविरुद्ध ओढत आणलेली कोळंबी खऱ्या माशानं कधी पाहिलेली नसते. शंका असेल तर एक वाळकं पान टाका. माणूस रमतगमत चालतो त्या वेगानं जात असेल तर थांबा, गोल फिरत राहिलं तर डबा उघडा.

तांबोशी लागला तर ड्रॅग, म्हणजे रीलचा ब्रेक, सैल ठेवू नका. तो कांदळवनाच्या मुळांत घुसतो आणि मग दोराही तुटतो, दिवसही जातो. जिताड्याला मात्र थोडी मोकळीक द्या. शेंगाळा मासा आला तर हातानं धरू नका, काटा विषारी असतो, चिमट्यानं सोडवा. चिखलात उतरताना पाय घासत चाला, खाली पाकट, म्हणजे शेपटीत काटा असलेला चपटा मासा, असू शकतो.

हल्ली बऱ्याच स्पर्धांत वजन नाही, लांबी मोजतात: पट्टीवर फोटो, मग मासा पाण्यात. पट्टी आधी ओली करा, तोंड शून्याला भिडवा, दिलेलं टोकन फोटोत दिसलं पाहिजे. एका स्पर्धेत टोकन खिशातच राहिलं म्हणून माझा चांगला मासा बाद झाला. आणि मोठा जिताडा सोडताना जीव तुटू देऊ नका. ते नर म्हणून वाढतात आणि मोठे झाल्यावर मादी होतात, म्हणजे तुमच्या हातातली बहुधा अंडी घालणारी आहे.

परतीच्या गाडीत बसायच्या आधी, त्याच रात्री, रील गोड्या पाण्यानं हळूच धुवा. मी एकदा म्हटलं, नागपूरला जाऊन धुतो. घरी पोचून हँडल फिरवलं तर आतून पापड मोडल्यासारखा आवाज आला.