हापूसचा सीझन सुरू होण्याआधी वेबसाइटची मोजणी लावून घ्या

बागेतून थेट पेटी विकणाऱ्यांचा सीझन जेमतेम अडीच-तीन महिन्यांचा. मार्चमध्ये पहिला माल निघाला की फोन, पॅकिंग आणि ट्रान्सपोर्ट यांतून मान वर करायला सवड मिळत नाही. म्हणून वेबसाइटचं काम जानेवारीत, झाडावर मोहोर असतानाच उरकलेलं बरं.

आधी गूगल अ‍ॅनालिटिक्सच्या, म्हणजे साइटवर कोण कुठून येतं ते मोजणाऱ्या गूगलच्या सॉफ्टवेअरच्या, अ‍ॅडमिनमध्ये जाऊन डेटा रिटेन्शन, म्हणजे तपशीलवार डेटा किती महिने साठवायचा ते, बघा. ते तुम्ही हात लावेपर्यंत २ महिन्यांवरच असतं, ते १४ करा. नाहीतर ‘एक्सप्लोअर’ या रिपोर्टच्या भागात खोलात जाऊन बघायची वेळ येईल तेव्हा मागचा सीझन पुसला गेलेला असेल, आणि पुसलेला डेटा परत येत नाही. टाइम झोन भारताचा आहे ना, तेही तिथेच बघून घ्या. घरातली आणि पॅकिंग शेडमधली माणसं दिवसातून दहा वेळा साइट उघडतात, त्यांच्या वायफायचा आयपी (इंटरनेटवरचा पत्ता) इंटर्नल ट्रॅफिक, म्हणजे घरच्यांच्या भेटी, म्हणून नोंदवा आणि या भेटी मोजणीतून गाळणारा फिल्टर ‘टेस्टिंग’वर न ठेवता ‘अ‍ॅक्टिव्ह’ करा.

मग ऑर्डर मोजण्याची सोय करा, माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं काम हेच. आपल्याकडे गिऱ्हाईक कार्ट भरत बसत नाही, व्हॉट्सअ‍ॅपचं बटण दाबतो नाहीतर सरळ फोन लावतो. व्हॉट्सअ‍ॅपच्या लिंकवरचा क्लिक साइटबाहेर जाणारा म्हणून अ‍ॅनालिटिक्स आपोआप टिपतं, फोन नंबरवरचा टिपत नाही. त्यासाठी गूगलच्याच टॅग मॅनेजरमधून वेगळा टॅग, म्हणजे तो क्लिक टिपणारा छोटा कोड, लावावा लागतो. दोन्ही क्लिक ‘की इव्हेंट’, म्हणजे धंद्याच्या दृष्टीने महत्त्वाची नोंद, करून टाका. नुसत्या भेटी वाढल्या म्हणून हुरळून जाऊ नका, कारण भाव बघून परत जाणारेही त्यात असतात.

पुण्या-मुंबईतल्या सोसायट्यांच्या ग्रुपवर टाकलेल्या लिंकवरून आलेली माणसं बरेचदा ‘डायरेक्ट’ या रकान्यात जमा होतात आणि कुठल्या ग्रुपने धंदा दिला ते कळत नाही. म्हणून प्रत्येक ग्रुपसाठी यूटीएम (माणूस कुठून आला ते सांगणारी, लिंकच्या शेपटाला लावायची खूण) जोडलेली वेगळी लिंक आत्ताच बनवून ठेवा. नावं स्मॉल लिपीतच लिहा, कॅपिटल अक्षर आलं की तो वेगळा सोर्स धरला जातो. कुठली लिंक कुणाला दिली ते वहीत टिपून ठेवा.

गूगलच्या शोधात तुमची साइट कशी दिसते ते दाखवणाऱ्या सर्च कन्सोलमध्ये १६ महिन्यांचा डेटा मिळतो, त्यामुळे मागच्या सीझनमध्ये लोकांनी काय शोधलं ते तिथे वाचा. दिसणं भरपूर आणि क्लिक थोडे, असे शोध वेगळे काढा. लोक ‘पेटीचा भाव’ शोधत असतील आणि तुमच्या पानाच्या शीर्षकात भावाचा उल्लेखच नसेल, तर ते शीर्षक आजच बदला. खरा हापूस कसा ओळखायचा, असं विचारणारेही असतात. रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या ५ जिल्ह्यांच्या हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. तुमच्याकडे त्याची नोंदणी असेल तर ते सांगणारं स्वतंत्र पान हवंच.

आता तुलनेचं. सॉफ्टवेअर मागच्या वर्षीची तीच तारीख समोर ठेवतं, आपली मागणी मात्र तिथीने चालते. २०२४ मध्ये पाडवा ९ एप्रिलला होता, २०२५ मध्ये ३० मार्चला. अक्षय्य तृतीया १० मेवरून ३० एप्रिलवर आली. तारखेला तारीख लावलीत तर मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात विक्री घसरल्याचं दिसेल आणि घाबरून जाहिरातीवर उगाच पैसे जातील. पाडव्याआधीचे पंधरा दिवस पाडव्याआधीच्या पंधरा दिवसांशी आणि अक्षय्य तृतीयेचा आठवडा त्याच आठवड्याशी लावा, तारखा हाताने भरा. माल उशिरा आला असेल तर तेही शेजारी लिहा.

शेवटी एखाद्या नातेवाइकाला वायफाय बंद करून, मोबाइल डेटावरून साइट उघडायला सांगा. ग्रुपची लिंक, मग व्हॉट्सअ‍ॅपचं बटण, मग फोन नंबर असं दाबायला लावा आणि तुम्ही अ‍ॅनालिटिक्समधला ‘रिअलटाइम’ हा त्या क्षणीच्या भेटी दाखवणारा रिपोर्ट उघडून बसा. दोन्ही इव्हेंट तिथे उमटले नाहीत, तर साइट बनवणाऱ्याला त्याच दिवशी फोन करा.