स्प्रिंग बूटमध्ये कॉन्फिगची मूल्यं कंपोनंटपर्यंत कशी पोचवायची

आमचं सॉफ्टवेअर पतसंस्थांसाठीचं. कर्जाचा हप्ता जवळ आला की सभासदाला एसएमएस जातो. गेटवेचा पत्ता, सेंडर आयडी, टाइमआउट आणि रीट्राय किती करायचे, हे प्रत्येक संस्थेचं वेगळं. म्हणून ते कोडमध्ये नाही, वायएमएल फाइलमध्ये, म्हणजे सेटिंग्ज लिहायच्या साध्या मजकूर-फाइलमध्ये. तिथून एसएमएस-सर्व्हिसच्या (मेसेज पाठवणाऱ्या क्लासच्या) हातात ते द्यायचं काम स्प्रिंगचं, म्हणजे आम्ही वापरतो त्या जावा फ्रेमवर्कचं.

एखादंच सुटं मूल्य हवं असेल तर @व्हॅल्यू हे अ‍ॅनोटेशन (कोडवर लावायची खूण) पुरतं. डॉलरच्या चिन्हापुढे महिरपी कंसात ‘की’ लिहा, म्हणजे फाइलमध्ये त्या मूल्याला दिलेलं नाव. नावानंतर कोलन टाकून डिफॉल्टही देता येतो. यूआरएल आणि पासवर्डला मात्र डिफॉल्ट देऊच नका. ही ‘की’ सापडली नाही तर ‘कुड नॉट रिझॉल्व्ह प्लेसहोल्डर’ म्हणत अ‍ॅप सुरूच होत नाही, आणि ते बरंच आहे. डिफॉल्ट असला की टेस्टचा गेटवे लाइव्हवर बिनबोभाट चालत राहतो.

@व्हॅल्यू फील्डवर लावू नका, कन्स्ट्रक्टरच्या पॅरामीटरवर लावा. फील्ड भरली जातात ती ऑब्जेक्ट तयार झाल्यावर. कन्स्ट्रक्टरमध्ये ती वाचायला गेलात की नल. तुम्ही स्वतः ‘न्यू’ करून बनवलेल्या ऑब्जेक्टकडे तर स्प्रिंग ढुंकूनही बघत नाही.

एका विषयाची तीन-चार मूल्यं झाली की मी सरळ जावाचं ‘रेकॉर्ड’ बनवते, म्हणजे फक्त मूल्यं धरून ठेवणारा छोटा क्लास. एसएमएस-सेटिंग्ज नावाचं रेकॉर्ड, त्यावर @कॉन्फिगरेशनप्रॉपर्टीज, प्रीफिक्स ‘एसएमएस’. मुख्य क्लासवर @कॉन्फिगरेशनप्रॉपर्टीजस्कॅन. मग सर्व्हिसच्या कन्स्ट्रक्टरमध्ये हे रेकॉर्ड मागायचं, झालं. बूट २.६ पासून रेकॉर्डला वेगळं @कन्स्ट्रक्टरबाइंडिंग लागत नाही.

टाइमआउटचा टाइप इंट नको, ड्युरेशन ठेवा. फाइलमध्ये ५ ला चिकटून एस लिहा, म्हणजे पाच सेकंद. नुसता ५ लिहिलात तर स्प्रिंग पाच मिलिसेकंद समजतं, आणि मग प्रत्येक मेसेज टाइमआउट होतो. लोक दोष गेटवेवाल्याला देतात!

रेकॉर्डवर @व्हॅलिडेटेड आणि आत @नॉटब्लँक, @मिन लावा. रिकामा सेंडर आयडी अ‍ॅप सुरू होतानाच पकडला जातो, रात्रीच्या बॅचमध्ये नाही. व्हॅलिडेशनचा स्टार्टर (बूटचं तयार लायब्ररी-पॅकेज) वेगळा जोडावा लागतो, २.३ पासून तो वेब स्टार्टरबरोबर येत नाही.

वायएमएलची एक खोड: शाखेचा कोड ०१२ असा उघडा लिहिला तर तो अष्टमान आकडा धरला जातो आणि हातात १० येतो. अवतरणात लिहा.

पासवर्ड गिटमध्ये नको, एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये ठेवा. त्याचं मूल्य फाइलमधल्या मूल्यावर मात करतं. व्हेरिएबलचं नाव म्हणजे तीच ‘की’, पण कॅपिटलमध्ये लिहायची, डॉटच्या जागी अंडरस्कोर, डॅश गाळायचा.

टेस्टमध्ये अख्खं स्प्रिंग उठवायची गरज नाही. रेकॉर्ड ‘न्यू’ करा, हवी ती मूल्यं भरा, सर्व्हिसला द्या.