वयात येणाऱ्या मुलाची छाती वाढतेय? या चुका टाळा

उकाड्यातही टी-शर्टच्या आत टाइट बनियन, खांदे पुढे पाडून चालणं, पोहायला चल म्हटलं की काहीतरी कारण. बऱ्याच घरांत गोष्ट अशीच कळते आणि लगेच कोणीतरी म्हणतं, जाडी वाढलीय, पुशअप्स मार. पहिली चूक तीच. पुशअप्सने खालचा स्नायू वाढतो, वरची ग्रंथी तिथेच राहते, उलट अजून पुढे दिसायला लागते.

आधी चरबी आहे की ग्रंथी ते बघा. मुलाने आडवं पडून अंगठा आणि बोट दोन्ही बाजूंनी निपलकडे हळूहळू सरकवायचं. निपलच्या बरोबर खाली रबरासारखी चकती लागली, दाबल्यावर दुखली, तर बहुतेक ग्रंथी, म्हणजे गायनेकोमास्टिया. काहीच अडलं नाही, सगळं मऊच, तर चरबी, आणि तिथे वजन कमी केल्याचा खरंच उपयोग होतो. पण एकदा बघून झालं की सोडा, रोज दाबून चेक करत बसलं की दुखणं वाढतं.

ग्रंथीच असेल तरी घाबरायचं कारण सहसा नसतं. साधारण 13-14 व्या वर्षी हार्मोन्सचा तोल थोडे दिवस बिघडतो आणि बहुतेक मुलांचं 6 महिने ते 2 वर्षांत आपोआप बसतं. त्यामुळे चौदाव्या वर्षीच ऑपरेशनच्या मागे लागू नका, वाढ चालू असताना काढलं तर परत येऊ शकतं.

आता उलटी चूक. "जाईल आपोआप" म्हणत वर्षानुवर्षं काढायची. टॅमॉक्सिफेनसारखं, म्हणजे इस्ट्रोजेन (बायकी हार्मोन) अडवणारं औषध काही मुलांना देतात, पण ते गाठ नवीन आणि दुखरी असतानाच जास्त चालतं, वर्षभरानंतर आत तंतू घट्ट होतात मग गोळीने फारसा फरक पडत नाही. आणि ही गोळी डॉक्टरच्या देखरेखीखालीच, मेडिकलमधून स्वतः आणून नाही! क्रीम आणि तेलांवर पैसे घालवू नका. टेस्टोस्टेरॉनचं, म्हणजे पुरुषी हार्मोनचं इंजेक्शन तर नकोच, शरीर त्यातलं काही इस्ट्रोजेनमध्ये बदलतं, म्हणजे आगीत तेल.

दोनेक वर्षं थांबूनही बसलं नाही, वाढ थांबलीय, मुलगा त्रासलाय, तर ऑपरेशन हा चांगला पर्याय आहे, त्यात लाजण्यासारखं काही नाही. निपलच्या कडेने छोटा छेद देऊन ग्रंथी काढतात, सोबत गरजेप्रमाणे लायपोसक्शन (नळीने चरबी ओढून काढणं), नंतर काही आठवडे प्रेशर व्हेस्ट, म्हणजे छातीवर दाब देणारी घट्ट बनियन. ती व्हेस्ट घामाने नकोशी होते म्हणून मुलं लवकर काढून टाकतात आणि मग सूज रेंगाळते.

थांबायचं नाही अशाही केसेस असतात: वयात यायच्या आधीच सुरू झालं, गाठ कडक आणि निपलपासून बाजूला आहे, भराभर वाढतेय, निपलमधून रक्त येतंय, किंवा अंडकोषात गाठ लागतेय. तेव्हा लगेच डॉक्टर. एरवीही डॉक्टर अंडकोष तपासतात, तिथे मुलाला आधीच सांगून ठेवा नाहीतर तो दचकतो.

आणि सगळ्यात जास्त लपवली जाणारी गोष्ट म्हणजे जिममधले स्टेरॉइड, गांजा, किंवा रिस्पेरिडोनसारखी (मानसिक आजारावरची) चालू असलेली औषधं. यांनीही छाती वाढू शकते, पण आईबाबा शेजारी बसले असताना कुठला मुलगा बोलणार? पाच मिनिटं बाहेर थांबा, त्याला एकट्याला बोलू द्या. चालू औषध मात्र मनानेच बंद करू नका.